गणेश दैवज्ञ

गणेश दैवज्ञ (जन्म: शके १४२९, इ.स. १५०७) हे सोळाव्या शतकातील महाराष्ट्रीय ज्योतिर्गणिती, करणग्रंथकार व टीकाकार होते. शके १४४२ (इ.स. १५२०) हे आरंभवर्ष असलेला त्यांचा ग्रहलाघव हा ग्रंथ महाराष्ट्रासह भारताच्या मोठ्या भागात साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ पंचांगगणिताचा आधार होता. ग्रहगणितातून ज्या व चाप यांचा वापर पूर्णपणे काढून टाकून त्यांच्या जागी गुणाकार-भागाकाराची लहान बीजगणिती सूत्रे योजणे हे त्यांचे मुख्य कार्य मानले जाते. बहुपदीची किंमत कमीत कमी कृतींत काढण्याचा जो विचार आज संगणकाच्या आज्ञावलीत केला जातो, त्याचे एक जुने व पूर्णपणे व्यवहारात उतरलेले उदाहरण म्हणूनही या ग्रंथाकडे पाहता येते.

जन्मस्थान व घराणे

गणेश दैवज्ञ यांचा जन्म कोकण किनाऱ्यावरील नंदिग्राम, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नांदगाव येथे झाला. हे गाव मुरूड तालुक्यात समुद्रकाठी असून पूर्वी जंजिरा संस्थानात मोडत असे. मुरूड तालुका पूर्वेकडे रोहे तालुक्याला लागून आहे. नांदगाव येथील सिद्धिविनायकाच्या मंदिराशी या घराण्याचे नाव परंपरेने जोडले जाते आणि गणेश हे गणपतीच्या कृपेने झालेले पुत्र होत, अशी आख्यायिका प्रचलित आहे.

त्यांच्या वडिलांचे नाव केशव व आईचे नाव लक्ष्मी. घराण्याचे गोत्र कौशिक. केशव दैवज्ञ हे स्वतः नावाजलेले ज्योतिषी होते. त्यांनी शके १४१८ (इ.स. १४९६) हे आरंभवर्ष धरून ग्रहकौतुक हा करणग्रंथ रचला. मुहूर्ततत्त्व व जातकपद्धती हे त्यांचे आणखी दोन ग्रंथ. ग्रंथात सांगितलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडत असेल तर वेध घेऊन गणित सुधारले पाहिजे, ही केशवांची भूमिका होती. गणेश यांचे शिक्षण वडिलांपाशीच झाले आणि हा विचारही त्यांना घरातूनच मिळाला.

पार्श्वभूमी

भारतीय ज्योतिषात गणिताचे ग्रंथ मुख्यतः दोन प्रकारचे असतात. सिद्धांतग्रंथात युगाच्या किंवा कल्पाच्या आरंभापासून गणित केलेले असते आणि त्याची उपपत्तीही दिलेली असते. करणग्रंथात जवळचे एखादे शकवर्ष आरंभ म्हणून घेतात व नेहमीच्या कामाला पुरेल एवढीच कृती सांगतात. पंचांग करणारा जोशी करणग्रंथ वापरी.

या जोशाचे काम कष्टाचे होते. एका सौर वर्षात सुमारे ३७१ तिथी येतात. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. म्हणून प्रत्येक तिथीचा शेवट काढण्यासाठी सूर्य व चंद्र या दोहोंची स्पष्ट स्थाने लागतात. सिद्धांताच्या रीतीने स्पष्ट ग्रह काढायचा तर ३ अंश ४५ कलांच्या अंतराने दिलेल्या २४ ज्यांच्या कोष्टकात शिरावे लागे, मधल्या अंशांसाठी त्रैराशिक करावे लागे आणि काही ठिकाणी ज्येवरून परत चाप काढावे लागे. पाटीवर किंवा धुळीत आकडे मांडून हे सगळे करताना एक अंक चुकला तर पुढचे सर्व गणित चुके. एकादशी, संकष्टी, श्राद्धतिथी, ग्रहण, पेरणी व विवाहाचे दिवस या गणितावर ठरत असल्याने ती चूक केवळ पाटीवर राहत नसे.

ग्रहलाघव

ग्रहलाघवाचे आरंभवर्ष शके १४४२ आहे. त्या वेळी गणेश सुमारे तेरा वर्षांचे होते. करणग्रंथाचे आरंभवर्ष आणि तो लिहून पूर्ण झाल्याचे वर्ष एकच असते असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. ग्रंथाला सिद्धांतरहस्य असेही दुसरे नाव आहे. मध्यम ग्रह, स्पष्ट ग्रह, त्रिप्रश्न, चंद्रग्रहण, सूर्यग्रहण, उदयास्त, ग्रहयुती, महापात इत्यादी सर्व आवश्यक प्रकरणे त्यात पद्यरूपाने आली आहेत.

चक्र व अहर्गण

ठरावीक आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत गेलेल्या दिवसांच्या संख्येला अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून शके १४४२ पर्यंतचा अहर्गण १६ लाखांच्या वर जातो. एवढ्या मोठ्या संख्येला ग्रहाच्या गतीने गुणणे टाळण्यासाठी गणेश यांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र कल्पिले. ११ वर्षांत चार अधिकमास धरून सुमारे १३६ चांद्रमास होतात आणि त्यांचे दिवस जवळजवळ ४०१६ भरतात.

शकातून १४४२ वजा करून ११ ने भागले की भागाकार हा चक्रांक मिळतो. उदाहरणार्थ, शके १९४७ घेतला तर बाकी ५०५ राहते. ११ ने भागता ४५ चक्रे येतात व १० वर्षे उरतात. उरलेल्या वर्षांचे महिने व दिवस करून जो अहर्गण येतो, तो एका चक्राच्या आतला असल्याने नेहमी चार अंकांत मावतो. दर चक्राला ग्रह किती मागे-पुढे सरतो हे ध्रुवक या नावाने आधीच काढून ठेवलेले आहे. सूर्यासाठी ते सुमारे १ अंश ४९ कला आहे. आरंभीच्या स्थानाला क्षेपक म्हणतात. मग क्षेपकातून चक्र व ध्रुवक यांचा गुणाकार वजा करायचा आणि उरलेल्या दिवसांची गती मिळवायची, एवढ्यात मध्यम ग्रह हाती येतो. चक्राचे ४०१६ दिवस ७ ने भागल्यास ५ उरतात. त्यामुळे वार काढतानाही चक्रांकाला ५ ने गुणून मिळवले की काम भागते.

मध्यम गतीची सूत्रे

रोजची गती लांबलचक अपूर्णांकात न देता ती सहज पाठ होईल अशा अंकांत बसवणे ही गणेश यांची खास हातोटी होती. सूर्यासाठी त्यांनी सांगितलेली कृती अशी: अहर्गण अंश म्हणून घ्यावा, त्यातून त्याचाच ७० वा भाग वजा करावा आणि अहर्गणाला १५० ने भागून येणाऱ्या कला वजा कराव्यात. एका दिवसाला ही गती ०.९८५६०३२ अंश येते. सूर्यसिद्धांताच्या गतीशी तुलना केली तर पूर्ण ४०१६ दिवसांनंतरही दोहोंत ८ विकलांहून कमी फरक पडतो.

चंद्रासाठी अहर्गणाची १४ पट करून त्या गुणाकारातून त्याचाच १७ वा भाग वजा करावा आणि पुन्हा अहर्गणाला १४० ने भागून येणाऱ्या कला वजा कराव्यात असे सांगितले आहे. ही गती रोज सुमारे १३.१७६३५ अंश येते.

ज्येविना मंदफल

ग्रंथाचे सर्वांत मोलाचे अंग म्हणजे मंदफलाची सूत्रे. मध्यम सूर्य एकसारख्या गतीने चालतो असे मानलेले असते. खरा सूर्य कधी पुढे, कधी मागे असतो. हा फरक म्हणजे मंदफल. तो मंदकेंद्राच्या भुजावर, म्हणजे केंद्राच्या ० किंवा १८० अंशांपासूनच्या जवळच्या अंतरावर अवलंबून असतो आणि सिद्धांतात भुजज्येवरून काढला जातो. गणेश यांची सूर्यासाठीची कृती आजच्या मांडणीत अशी लिहिता येते:

क = भुजांश ÷ ९
ग = (२० − क) × क
मंदफल (अंशांत) = ग ÷ (५७ − ग ÷ ९)

भुज ९० अंश असता क = १०, ग = १०० आणि मंदफल २ अंश १० कला ४५ विकला येते. हे सूर्याचे कमाल मंदफल होय. तेच कमाल फल धरून ज्येच्या प्रमाणात काढलेली किंमत आणि या सूत्राची किंमत यांची तुलना पुढीलप्रमाणे आहे.

भुज १८ अंश: सूत्राने ४० कला ४५ विकला, ज्येने ४० कला २४ विकला.
भुज ४५ अंश: सूत्राने १ अंश ३२ कला २८ विकला, ज्येने १ अंश ३२ कला २७ विकला.
भुज ९० अंश: दोन्हींनी २ अंश १० कला ४५ विकला.

चंद्रासाठीही कृती याच घडणीची आहे. तेथे भुजांशांना ६ ने भागून क काढावा, ग = (३० − क) × क घ्यावा आणि ग ला (५६ − ग ÷ २०) ने भागावे. कमाल फल सुमारे ५ अंश २ कला येते.

अशा सूत्राचे मूळ गणेश यांच्या आधीचे आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी ज्येची आसन्न किंमत काढण्यासाठी याच घडणीचे सूत्र दिले होते आणि बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी लीलावतीत वर्तुळाच्या जीवेसाठी त्याचे रूप दिले. पण पूर्वी ते एखाद्या ठिकाणी वापरण्याची युक्ती म्हणून राहिले होते. गणेश यांनी प्रत्येक ग्रहाचे अंक त्यात आधीच मुरवून ठेवले आणि संपूर्ण ग्रहगणित ज्येविना पार पाडले. ग्रंथाच्या शेवटी ते म्हणतात की, पूर्वीच्या थोरांनी कोठे थोडे गणित ज्येविना केले आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान वाटला. आपण सिद्धांतातील सारेच तसे केले असले तरी तो गर्व आपल्याला न होवो, कारण आपली बुद्धी त्यांच्याच शास्त्रावर वाढली आहे.

मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी या पाच ताराग्रहांसाठी त्यांनी वेगळा मार्ग धरला. दर १५ अंशांवरील फले दहापट करून पूर्णांकात दिली आहेत. मधल्या अंशांसाठी लगतच्या दोन अंकांच्या अंतराने त्रैराशिक करायचे आणि शेवटी १० ने भागायचे. त्यामुळे कोष्टक पाठ करायला सोपे झाले व अपूर्णांकांचा त्रास शेवटच्या पायरीपुरता राहिला.

वेध व ग्रहांची निवड

गणेश यांनी कोणत्याही एका सिद्धांताचा पक्ष घेतला नाही. आकाशात जो ग्रह ज्या ग्रंथाशी जुळतो तो त्या ग्रंथातून घेतला. सूर्य व चंद्रोच्च त्यांनी सूर्यसिद्धांतावरून घेतले; चंद्रही तेथूनच, पण ९ कला कमी करून घेतला. गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षातून, तर बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षातून घेतले. शनी आर्यपक्षातून घेताना त्यात ५ अंश मिळवले. शुक्राच्या केंद्रासाठी ब्राह्म व आर्य या दोन्ही पक्षांचे मध्यमान धरले. असे केले म्हणजे गणिताचा ग्रह व दिसणारा ग्रह एक होतो, असे कारण त्यांनी स्वतः दिले आहे. पक्षाभिमान प्रबळ असलेल्या काळात हा निर्णय धाडसाचा होता.

इतर ग्रंथ

शके १४४७ (इ.स. १५२५) मध्ये त्यांनी लघुतिथिचिंतामणी रचला. तिथी, नक्षत्र व योग यांची गणिते कोष्टकांत आधीच करून ठेवल्यामुळे पंचांगकर्त्याला या ग्रंथावरून मुख्यतः बेरीज-वजाबाकीच करावी लागे. शके १४७४ (इ.स. १५५२) मध्ये याच विषयावर बृहत्तिथिचिंतामणी झाला. त्यांचा विवाहवृंदावनावरील टीकाग्रंथ शके १४७६ (इ.स. १५५४) मधील आहे. वडिलांच्या मुहूर्ततत्त्वावरही त्यांनी टीका लिहिली. तर्जनीयंत्र, पातसारणी, श्राद्धादिनिर्णय इत्यादी लहान रचनाही त्यांच्या नावावर आहेत.

गणिताच्या दृष्टीने शके १४६७ (इ.स. १५४५) मधील बुद्धिविलासिनी ही लीलावतीवरील टीका फार महत्त्वाची आहे. लीलावतीत भास्कराचार्यांनी बहुतेक नियम उपपत्तीविना दिले आहेत. गणेश यांनी त्यांतील अनेकांची उपपत्ती दिली. वर्तुळाचे क्षेत्रफळ समजावताना ते वर्तुळाची दोन अर्धे करून त्यांचे सुईसारखे निमुळते तुकडे पाडतात आणि ते एकमेकांत बसवून आयत करतात. परिघाचे मान काढण्यासाठी त्यांनी वर्तुळात १२ बाजूंची आकृती काढून बाजू दुप्पट करीत ३८४ पर्यंत नेण्याची रीत सांगितली आहे.

आक्षेप व मर्यादा

ग्रहलाघवाच्या सुलभतेवर पुढे आक्षेपही घेतले गेले. सोपी कृती मिळाल्यामुळे जोशीवर्गाने सिद्धांताचा अभ्यास सोडला, सूत्र कसे आले हे न कळताच ते वापरले जाऊ लागले आणि उपपत्तीचे ज्ञान क्षीण झाले, असा या आक्षेपांचा रोख आहे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. मात्र ज्या लेखकाने कृती सोपी केली त्यानेच बुद्धिविलासिनीत उपपत्ती लिहिल्या, ही गोष्टही तितकीच खरी आहे. त्यांच्या दृष्टीने रोजचे गणित करणे आणि त्याचे कारण जाणणे ही दोन वेगळी कामे होती व दोन्हींसाठी त्यांनी वेगवेगळे ग्रंथ लिहिले.

दुसरी मर्यादा काळाची आहे. अयनांश काढण्यासाठी ग्रहलाघवात शकातून ४४४ वजा करून ६० ने भागावे असे सांगितले आहे, म्हणजे वर्षाला एक कला गती धरली आहे. प्रत्यक्ष अयनगती वर्षाला सुमारे ५०.३ विकला आहे. वर्षाला दहा विकलांच्या आतला हा फरक लेखकाच्या हयातीत जाणवण्याजोगा नव्हता. शके १४४२ पासून आजवर मात्र तो साचून १ अंश २० कलांच्या आसपास गेला आहे. ठरावीक काळापुरते अचूक असणारे सूत्र त्या काळाबाहेर नेले की असेच होते.

याची जाणीव गणेश यांना होती. आपले तिथिगणितही पुष्कळ काळाने ढिले पडले तर चंद्रग्रहणे व ग्रहनक्षत्रांच्या युती पुन्हा पाहून त्यातील मूळ अंक बदलावेत, असे त्यांनी पुढील विद्वानांना सांगून ठेवले आहे. पुढच्या पिढ्यांनी सूत्रे जपली, पण हा सल्ला फार उशिरा मनावर घेतला.

संगणकीय दृष्टीने

आज पंचांग तयार करणाऱ्या संगणक आज्ञावलीत ग्रहांची मध्यम स्थाने बहुपदींच्या रूपात असतात. उदाहरणार्थ, १ जानेवारी २००० च्या मध्यान्हापासून गेलेला काळ ३६५२५ दिवसांच्या शतकांत मोजून त्याला ट म्हटले, तर सूर्याचा सायन मध्यम भोग (अंशांत) असा लिहितात:

२८०.४६६४६ + ३६०००.७६९८३ ट + ०.०००३०३२ ट²

प्रत्येक घात वेगळा काढून बहुपदीची किंमत काढल्यास चौथ्या घाताच्या बहुपदीला १० गुणाकार लागतात. तीच बहुपदी कंसात कंस घालून, सर्वांत आतल्या सहगुणकापासून आरंभ करून सोडवली तर ४ गुणाकार व ४ बेरजा पुरतात. वरील बहुपदी या रीतीने २८०.४६६४६ + ट × (३६०००.७६९८३ + ०.०००३०३२ × ट) अशी होते. इंग्लंडमधील शिक्षक विल्यम जॉर्ज हॉर्नर यांच्या १८१९ मधील निबंधावरून या रीतीला हॉर्नरची रीत म्हणतात. तिचा वापर चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

ग्रहलाघवातील सूत्रे म्हणजे हॉर्नरची रीत नव्हे. परंतु काटकसरीची दृष्टी तीच आहे. सूर्याच्या सूत्रातील ग हा २० क − क² या द्विघाती बहुपदीएवढा आहे. तो (२० − क) × क असा घेतल्याने दोनऐवजी एकच गुणाकार करावा लागतो. ही संख्या एकदा काढून वेगळी मांडून ठेवावी व पुढे अंश आणि छेद या दोन्हींत वापरावी, अशी सूचनाही ग्रंथात आहे. आज्ञावली लिहिणारा पुन्हा लागणारी किंमत एखाद्या चलात साठवतो तशीच ही कृती आहे. ताराग्रहांची फले दहापट करून पूर्णांकात ठेवणे आणि मोठा अहर्गण चक्रांनी लहान करणे या युक्त्याही आजच्या आज्ञावलीत ओळखीच्या आहेत. फरक इतकाच की, येथे गणित करणारे यंत्र म्हणजे स्वतः जोशी होता आणि त्याचे श्रम व त्याच्या चुका कमी करायच्या होत्या.

प्रभाव

ग्रहलाघवावर अनेक टीका झाल्या. गंगाधर यांची टीका शके १५०८ मधील, मल्लारी यांची शके १५२४ मधील, तर विश्वनाथ यांची शके १५३४ मधील आहे. मल्लारी व विश्वनाथ हे गोदावरीकाठच्या गोलग्रामच्या विद्वान घराण्यातील बंधू. त्यांचे वडील दिवाकर हे गणेश दैवज्ञ यांचे शिष्य होते. मल्लारी यांनी सूत्रांच्या उपपत्ती दिल्या आणि विश्वनाथ यांनी प्रत्यक्ष उदाहरणे सोडवून दाखवली. त्यामुळे मूळ ग्रंथात नसलेल्या दोन्ही बाजू भरून निघाल्या.

एकोणिसाव्या शतकात छापील पंचांगे निघू लागली तेव्हा महाराष्ट्रात ती प्रामुख्याने ग्रहलाघव व तिथिचिंतामणी यांवरूनच होत. त्या गणितात सुधारणा करण्याचे काम रायगड जिल्ह्यातीलच आणखी एका गणितज्ञाने आरंभिले. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी इ.स. १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ युरोपीय वेधांच्या आधारे प्रसिद्ध केला आणि पुढे त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघाले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनीही नव्या मूलांकांवर ग्रंथ रचले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी इ.स. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथात गणेश दैवज्ञ यांच्या कार्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. छत्रे व केतकर यांनी केलेली सुधारणा ग्रहलाघवाच्या अंकांना बाजूस सारणारी होती. वेध घेऊन अंक बदलावेत हा जो मार्ग नांदगावच्या या ग्रंथकाराने तीन शतकांपूर्वी सांगितला होता, त्याच मार्गाने ती झाली.